‘डिड नॉट वेन्ट’ कुठून येतं?

अहिल्यानगर जिल्ह्यातली कोणतीही मराठी शाळा घ्या. नगर शहरातली, पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातली किंवा अकोल्याच्या आदिवासी भागातली. सातवी-आठवीच्या वर्गाला एक साधं वाक्य इंग्रजीत करायला सांगा : ‘मी काल बाजारात गेलो नाही.’ पाच-दहा हात वर होतात आणि पहिलं उत्तर बहुतेक वेळा हेच येतं : ‘आय डिड नॉट वेन्ट टू मार्केट यस्टर्डे.’ शिक्षक ‘वेन्ट’वर लाल रेघ ओढतात, वर ‘गो’ लिहितात आणि नियम सांगतात, ‘डिड’ आलं की क्रियापदाचं पहिलं रूप. मुलं तो नियम वहीत उतरवून घेतात, चाचणीत बरोबर लिहितात आणि पुढच्याच आठवड्यात निबंधात पुन्हा ‘डिड नॉट वेन्ट’ लिहून मोकळी होतात.

बरीच वर्षं हे बघितल्यावर माझी खात्री झाली आहे की यात मुलाचा आळस नाही आणि शिक्षकाची हयगयही नाही. मूळ मराठी वाक्य पुन्हा वाचा. ‘गेलो नाही.’ घडून गेलेला काळ कुठे आहे? ‘गेलो’मध्ये. ‘नाही’ फक्त नकार देतं, फार तर कोणाबद्दल बोलणं चाललंय ते सांगतं (‘आला नाहीस’, ‘आले नाहीत’). म्हणजे ‘गेलो’ला ‘वेन्ट’ आणि ‘नाही’ला ‘डिड नॉट’ असा चोख हिशेब मुलाने केलेला आहे. त्याने मराठीचं व्याकरण अगदी काटेकोर पाळलं आणि त्यामुळेच इंग्रजी चुकलं.

या मुलाला नियम पुन्हा ऐकवून उपयोग नाही, कारण नियम त्याला पाठ आहे. त्याला हवं आहे ते उदाहरण, आणि ते त्याच्याच तोंडात आहे. त्याला ‘मी बाजारात जाऊ शकलो नाही’ हे वाक्य म्हणायला लावा. इथे काळ कोणी उचलला? ‘शकलो’ने. मग ‘जाऊ’चं काय झालं? ते जसंच्या तसं राहिलं. ‘गेलो शकलो नाही’ असं मराठीत कोणी म्हणतं का? वर्ग हसतो. त्या हसण्यातच मुलांना कळलेलं असतं की एका वाक्यात काळाचं ओझं एकाच क्रियापदाने वाहायचं, दुसऱ्याने मोकळं राहायचं. ‘डिड’ हा ‘शकलो’सारखा आहे. ओझं त्याने उचललं, आता ‘गो’ मोकळा. ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहिली की लाल रेघेपेक्षा जास्त काम होतं.

लगेच मागून दुसरा प्रश्न येतो आणि तो फार चांगला आहे. ‘डू म्हणजे करणे, तर मग ‘डू यू नो’मध्ये कोण काय करतंय?’ बहुतेक वर्गांत याला ‘ते तसंच असतं’ असं उत्तर मिळतं. खरं उत्तर असं की प्रश्नात आणि नकारात ‘डू’ वापरण्याची सक्ती इंग्रजीत पूर्वी नव्हती. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी आणि सतराव्याच्या सुरुवातीला, ‘डू’ घालून आणि न घालता अशा दोन्ही तऱ्हांनी लोक बोलत. पुढे ‘डू’ घालायची रीत पक्की झाली आणि त्या जागी त्याचा ‘करणे’ हा अर्थ उरला नाही. आपल्याकडे प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, ‘तुला माहीत आहे का?’ त्यांच्याकडे ती वाक्याच्या सुरुवातीला येते. तिथला ‘डू’ म्हणजे आपला ‘का’ असं सांगितलं तर पाचवीतल्या मुलालाही पटतं.

*

हा जिल्हा निवडण्याचं कारण केवळ माझी जवळीक नाही. परक्या भाषेचं व्याकरण आणि आपलं व्याकरण यांची गाठ महाराष्ट्रात ज्या थोड्या ठिकाणी लवकर पडली, त्यांत तेव्हाचं अहमदनगर आहे. अमेरिकन मराठी मिशनचं इथलं ठाणं १८३१ सालचं. सिंथिया फॅरार ही शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये वारली तोवर इथेच मुलींना शिकवत राहिली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं ते इथे मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजीला माउली म्हणणारी एक कविता आहे. ज्यांना ज्ञानाची दारं बंद होती त्यांना ही भाषा कशी दिसत होती, ते त्या एका संबोधनावरून कळतं.

आणखी एक माणूस या जिल्ह्याशी जोडलेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. हेच दादोबा १८५० च्या दशकात नगरला डेप्युटी कलेक्टर होते. दादोबांनी व्याकरणाची मांडणी करताना समोर ठेवलेल्या नमुन्यांत लिंडले मरे याचं इंग्रजी व्याकरण होतं. मरेचं ते पुस्तक १७९५ चं, त्या काळी इंग्रजी जगात घरोघर गेलेलं. म्हणजे मराठी व्याकरणाचं पहिलं गाजलेलं पुस्तक घडलं ते काही अंशी इंग्रजीच्या साच्यात. मराठी मजकुरातला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्हही त्याच वाटेने आलं. मेजर कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर छोटी पुस्तिका लिहून ती रूढ केली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सगळ्याचीच नव्याने उलटतपासणी केली. पण शाळेच्या पुस्तकात दोन्ही भाषांची कोष्टकं शेजारी शेजारी, एकसारखी दिसत राहिली ती आजपर्यंत.

या एकसारखेपणाचा वर्गात थेट त्रास होतो. मराठीच्या तासाला मूल शिकतं, ‘मी आलो आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ. इंग्रजीच्या तासाला शिकतं, ‘आय हॅव कम’ हा प्रेझेंट परफेक्ट. नाव एक, म्हणून वस्तूही एक असं त्याने समजणं स्वाभाविक आहे. मग ते लिहितं, ‘आय हॅव कम यस्टर्डे.’ शिक्षक चूक म्हणतात. मूल गोंधळतं, कारण घरी पाहुणे येऊन बसलेले असतात आणि मामा म्हणतो, ‘मी कालच आलो आहे.’ मराठीत ते शुद्ध आहे. मराठीचा ‘आहे’ एवढंच सांगतो की मामा अजून इथेच आहे. तो काल आला की परवा, याच्याशी ‘आहे’चं भांडण नाही. इंग्रजीच्या ‘हॅव’चं मात्र आहे. ज्या वेळेचं दार लागलं, काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये, तिच्याशी ‘हॅव’ नांदत नाही. ज्या वेळेचं दार अजून उघडं आहे, आज, या वर्षी, आत्तापर्यंत, तिथे तो आनंदाने येतो. मुलांना मी एवढंच विचारायला सांगतो, दार लागलंय का? लागलं असेल तर ‘हॅव’ काढा, ‘आय केम यस्टर्डे’ म्हणा.

*

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात मात्र सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा. ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ याचं ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं भाषांतर अनुभवी माणसंही करतात. या एका वाक्यात मराठीचे दोन ठसे आहेत.

पहिला ठसा ‘पासून’चा. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. सोमवार हा एक मुक्काम आहे, जिथून मोजणी सुरू झाली. पाच वर्षं ही लांबी आहे, मोजणी करून हाती आलेली. मराठीला या दोहोंत फरक करावासा वाटत नाही, दोन्हींना ती ‘पासून’ लावते. इंग्रजी हटकून विचारते, मुक्काम की लांबी? मुक्काम असेल तर ‘सिन्स’, लांबी असेल तर ‘फॉर’. पुस्तकात हा नियम ‘निश्चित काळ’ आणि ‘काळाचा कालावधी’ अशा जड शब्दांत दिलेला असतो, आणि पाच वर्षं हाही आकडा निश्चितच आहे, त्यामुळे मूल तिथेच अडकतं.

त्यापेक्षा मराठीच्या कसोटीने बघावं. ‘पासून’ काढा आणि त्या जागी ‘झाले’ किंवा ‘झाली’ लावून बघा. ‘पाच वर्षं झाली.’ वाक्य नीट उभं राहतं, म्हणजे ‘फॉर’. ‘सोमवार झाला.’ बसत नाही, म्हणजे ‘सिन्स’. ‘दोन तास झाले’, बसतं, ‘फॉर टू अवर्स’. ‘दोन वाजल्यापासून’चं ‘दोन वाजले झाले’ होत नाही, म्हणून ‘सिन्स टू ओक्लॉक’. ‘लहानपणापासून’? ‘लहानपण झालं’ असं आपण म्हणत नाही, तेव्हा ‘सिन्स चाइल्डहूड’. ‘खूप दिवसांपासून’? ‘खूप दिवस झाले’ हे तर आपण रोज म्हणतो, तेव्हा ‘फॉर मेनी डेज’. ही कसोटी मराठी कान असलेल्या प्रत्येकाला वापरता येते आणि तिच्यासाठी इंग्रजीतली एकही व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दुसरा ठसा क्रियापदाचा. पाच वर्षांपूर्वी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं राहणं मराठीत साध्या वर्तमानकाळात मावतं, ‘राहतो’. इंग्रजीला तेवढ्याने समाधान नाही, तिला मागचं आणि आत्ताचं दोन्ही एका रूपात बांधायचं असतं, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. हे एकदा समजलं की ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे वाक्य पाठांतराचं राहत नाही.

*

शब्दयोगी अव्ययांची आणि प्रत्ययांची गोष्ट अशीच, पण जास्त पसरलेली. आपला एकटा ‘ने’ बघा. एसटीने आलो, तिथे ‘बाय’. कोयत्याने ऊस तोडला, तिथे ‘विथ’. भुकेने मेला, तिथे ‘ऑफ’. रस्त्याने गेला, तिथे ‘अलाँग’. आणि ‘आईने सांगितलं’ म्हणताना ‘ने’ असूनही इंग्रजीत काहीच नाही, नुसती ‘मदर’. पाच वाक्यांना पाच निरनिराळी उत्तरं. मूल ‘आय केम विथ बस’ म्हणालं तर त्याने ‘ने’ ओळखला, पण पाचांतला चुकीचा घेतला, एवढाच त्याचा दोष.

उलट बाजूने बघितलं तर ‘तिच्याशी लग्न केलं’मधल्या ‘शी’मुळे ‘मॅरीड विथ हर’ येतं, ‘विषयाबद्दल चर्चा केली’मधल्या ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस्ड अबाउट’ येतं, ‘सरांना विचारलं’मधल्या ‘ना’मुळे ‘आस्क्ड टू सर’ येतं. ‘तो मला म्हणाला’चं ‘ही सेड मी’ होतं, कारण ‘मला’चं ‘मी’ असं भाषांतर शिकवलेलं असतं. या चुका सुट्या सुट्या सुधारत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. त्यापेक्षा वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता असावा, डावीकडे मराठी प्रत्यय, उजवीकडे त्याने इंग्रजीत घेतलेली वेगवेगळी रूपं, आणि मुलांनी सापडतील तशी उदाहरणं त्यात घालत जावीत. असा तक्ता चालू वर्गातूनच भरत गेला पाहिजे, कारण पुस्तकातून उतरवलेला तक्ता कोणी वाचत नाही.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्याबद्दल मराठीत काही नाहीच असं सरसकट सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. ‘एक शेतकरी होता. शेतकऱ्याला दोन मुलं होती.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे, दुसऱ्यात नाही. तो का गळला? कारण शेतकरी आता ओळखीचा झाला. हे गळणं म्हणजेच इंग्रजीचा ‘द’. जिथे आपण ‘एक’ गाळतो तिथे इंग्रजी ‘द’ घालते, असं गोष्टीच्या रूपात सांगितलं तर निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा रूढीचा आहे आणि तो मान्य करावा. ‘मी डॉक्टर आहे’ यात आपल्याला ‘एक’ची गरज वाटत नाही, इंग्रजीला ‘अ डॉक्टर’ लागतंच. नद्यांना ‘द’ लागतो आणि एकट्या शिखराला लागत नाही, म्हणून द प्रवरा, द मुळा, द सीना, द गोदावरी. पण कळसूबाई नुसती कळसूबाई, आणि सबंध रांगेला मात्र पुन्हा ‘द’. आपल्याच जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून हा धडा घेता येतो. लंडनच्या थेम्सपेक्षा मुलांना सीनेचा पूर जवळचा वाटतो.

आणि एक प्रश्न, जो ऐकल्यावर मला फार आनंद झाला होता. एका मुलीने विचारलं, ‘एकट्या मुलाशी बोलतानाही ‘यू आर’ का? ‘यू इज’ का नाही?’ तिच्या आधी याच वर्गात एकाने ‘माय फादर आर फार्मर’ लिहिलं होतं. तसं लिहिण्यामागचं कारण उघड आहे, ‘माझे वडील शेतकरी आहेत’ हे आदरार्थी बहुवचन. आता या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. जुन्या इंग्रजीत एका माणसासाठी ‘दाऊ’ हा शब्द होता आणि ‘यू’ अनेकांसाठी होता. मोठ्या माणसाला आदराने ‘यू’ म्हणायची पद्धत पडली, जशी आपली ‘तुम्ही’ची. हळूहळू सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणू लागले, ‘दाऊ’ मागे पडला आणि ‘यू’बरोबरचं बहुवचनी ‘आर’ तेवढं चिकटून राहिलं. ‘यू आर’ हे इंग्रजीतलं आदरार्थी बहुवचनच आहे, फक्त ते एवढं रुळलं की त्यातला आदर विरून गेला. वडिलांसाठी ‘आर’ लिहिणाऱ्या मुलाने जे केलं ते इंग्रजीने स्वतःही एके काळी ‘यू’च्या बाबतीत केलं होतं. हे त्या मुलाला सांगितलंच पाहिजे, आणि मग सांगावं की ‘फादर’च्या बाबतीत मात्र इंग्रजीत ‘इज’ लागतं.

नकारार्थी प्रश्नाच्या उत्तराचाही असाच घोळ होतो. ‘तू जेवला नाहीस?’ या प्रश्नाला आपण म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला मान देतो. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ प्रत्यक्ष काय घडलं त्याला बांधलेले असतात. जेवलो नसेन तर प्रश्न कसाही विचारला तरी ‘नो’. परदेशी पाहुण्याशी किंवा फोनवर बोलताना यावरून खरोखर गैरसमज होतात, म्हणून हा भाग वर्गात दोघांना समोरासमोर उभं करून तोंडी करून घ्यावा.

*

शिक्षकांच्या प्रश्नांची जात वेगळी असते. त्यांना बहुतेक वेळा दोन पुस्तकांतला किंवा पुस्तक आणि वापर यांतला तंटा सोडवून हवा असतो. ‘आय शॅल’ की ‘आय विल’? वाक्याच्या शेवटी ‘विथ’, ‘फॉर’ आलं तर चालतं का? इथे मी स्पष्ट बोलतो, कारण या नियमांचा इतिहास ठाऊक आहे. ‘शॅल’-‘विल’च्या वाटणीचा नियम जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये, चक्क लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. वाक्याच्या शेवटच्या शब्दयोगी अव्ययावरचा आक्षेप ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये घेतला. लॅटिनमध्ये असं वाक्य होत नाही म्हणून इंग्रजीतही होऊ नये, हा त्यामागचा कल. बोलणारे इंग्रज तेव्हाही तसं बोलत होते आणि आजही बोलतात. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात या शेवटच्या अव्ययाच्या बंदीला अंधश्रद्धाच म्हटलं. ‘आय विल’ आज सर्वत्र शुद्ध मानलं जातं. या दोन गोष्टींवरून एकाही मुलाचा एकही गुण कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे नियम आपल्याकडे एवढे घट्ट का बसले, त्याचंही कारण आहे. मराठी घरांत इंग्रजी शिकवलं ते दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आणि १९३० च्या दशकातल्या ‘रेन अँड मार्टिन’ने. त्यातले पी. सी. रेन हे ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखक. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. दोन्ही पुस्तकांचं ऋण मोठं आहे आणि भाषांतर पाठमालेचं तर विशेष, कारण तिने मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवलं. पण भाषा पुढे सरकली आणि नियमांची पानं तशीच राहिली. आजचा शिक्षक त्या पानांना प्रमाण मानतो आणि मुलगा फोनवर वेगळंच ऐकतो. अमेरिकन माणूस ‘आय जस्ट एट’ म्हणतो, ब्रिटिश ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतो. दोघेही आपापल्या घरी बरोबर आहेत.

मग भारतीय इंग्रजीचं काय? ‘प्रीपोन’ हा शब्द बैठक अलीकडे ओढण्यासाठी आपण सर्रास वापरतो, आणि तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे. अडचण त्याच्या शुद्धतेची नाही, समोरच्याला कळण्याची आहे. आपल्याच जिल्ह्यात अकोले-संगमनेरकडे ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणतात. ती बोली घरात सोन्यासारखी आहे, आणि तरी अर्ज लिहिताना तो माणूस ‘माझं’ लिहितो. ‘ही लिव्हज हिअर ओन्ली’ हे वाक्य तसंच बघावं. ‘तो इथेच राहतो’मधला ‘च’ त्यात ‘ओन्ली’ होऊन आला आहे. गावात, गाडीत, आपसांत सगळ्यांना कळतं. परीक्षेच्या कागदावर आणि बाहेरच्या माणसापुढे ‘राइट हिअर’ म्हणावं. कुठे कोणतं, हे शिकवणं म्हणजेच भाषा शिकवणं.

इंग्रजी आपल्या मातीत किती रुजू शकतं याचा पुरावा नगरच्या भुईकोट किल्ल्यात आहे. १९४२ ते १९४५ या काळात इथे काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी उर्दूत ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रं लिहिली. एका भिंतीआड दोन भाषांतलं उत्तम गद्य घडलं.

*

आता मुलांच्या बाजूची एक गोष्ट, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मराठी मूल इंग्रजीकडे रिकाम्या हाताने जात नाही. ‘झीरो’, ‘झू’ यांतला आवाज हिंदी पट्ट्यातल्या अनेक मुलांना शिकावा लागतो. आपल्या मुलाच्या तोंडात तो ‘जावई’ आणि ‘जाळं’ या शब्दांमुळे आधीच आहे. ‘स्कूल’, ‘स्टेशन’ यांच्या आधी त्याला ‘इ’ जोडावा लागत नाही, कारण ‘स्नान’, ‘स्मशान’ त्याला सवयीचे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हं तर मराठीने इंग्रजी शब्दांसाठीच आपल्या लिपीत घेतली. अडतं ते ‘व’पाशी, कारण त्यांच्या दोन आवाजांना आपला एकच ‘व’ आहे. तिथे ओठ दातांना लावून आणि ओठांचा चंबू करून दाखवावं, दोन मिनिटांचं काम आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. त्याआधी कित्येक पिढ्यांची सुरुवात पाचवीला होत असे. मुलाला पाचवीत यायच्या आधी मराठी वाक्य कसं घडतं याचं थोडं भान आलेलं असायचं. पहिलीच्या मुलाला ते नसतं. शिवाय अकोल्यातल्या ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा पुस्तकी मराठीही त्याला नवीन असते. पाथर्डीतल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वर्ष कारखान्याच्या हंगामात तुटतं. या मुलांच्या वहीतली चूक वाचताना ती कोणत्या वाक्यावरून आली हे शोधण्याची जबाबदारी जास्त मोठी आहे, आणि त्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकाला मराठीचं व्याकरण इंग्रजीइतकंच नीट आलं पाहिजे. डी.एड.-बी.एड.च्या अभ्यासात दोन्ही व्याकरणं शेजारी ठेवून शिकवणारा पुरेसा भाग असावा, अशी माझी मागणी आहे.

शिक्षक मित्रांनो, एक जाड वही करा. उजव्या पानावर मुलाने लिहिलेलं चुकलेलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवा, आणि डाव्या पानावर ते बोलताना त्याच्या मनात असलेलं मराठी वाक्य त्यालाच विचारून लिहा. पहिली ओळ मी देतो : डावीकडे ‘गेलो नाही’, उजवीकडे ‘डिड नॉट वेन्ट’. पुढच्या ओळी तुमच्या वर्गात आहेत.